मुक्त प्रणाली आणि गाळलेली पुस्तिका

आमच्या महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत बावीस यंत्रे आहेत आणि त्या सर्वांवर डेबियन ही ऑपरेटिंग सिस्टिम आहे. ती का आहे, तर ती फुकट मिळते म्हणून. हे आरंभीच कबूल करतो. कारण आम्ही ती तत्त्वासाठी घेतली असे सांगणे खोटे होईल. तत्त्व मागाहून कळले, आणि तेही एका विद्यार्थिनीमुळे.

त्या दिवशी रस्त्याच्या खोदकामात केबल तुटून नेट बंद पडले होते. द्वितीय वर्षाचे प्रात्यक्षिक चालू होते. सी भाषेत लिहिलेला प्रोग्राम यंत्राला समजेल अशा रूपात आणण्याचे काम जीसीसी नावाचा कंपायलर करतो. त्याला द्यावयाची एक सूचना त्या मुलीला आठवत नव्हती. मी वर्गात नेहमी सांगत आलो होतो की, मास्तरला विचारण्याआधी यंत्राला विचारा. 'मॅन' असे लिहा, पुढे ज्याची माहिती हवी त्याचे नाव लिहा, पान उघडेल. तिने तसे केले. यंत्राने उत्तर दिले की जीसीसीची नोंद पुस्तिकेत नाही.

"सर, तुम्हीच म्हणाला होता ना, सगळं आतच असतं म्हणून?"

मी शेजारचे यंत्र पाहिले, त्याच्या शेजारचे पाहिले. कुठेच पान नव्हते. "बसवताना काहीतरी राहून गेलं असेल," असे सांगून मी वेळ मारून नेली. ते उत्तर चुकीचे होते. बसविण्यात काहीही राहून गेले नव्हते. ते पान विचारपूर्वक, मतदान घेऊन, तत्त्वासाठी बाहेर ठेवण्यात आले होते. मुक्त म्हणविणाऱ्या प्रणालीतून तिच्या सर्वांत महत्त्वाच्या साधनाची माहितीपुस्तिका काढून टाकली जाते, आणि तीही स्वातंत्र्याच्या नावाने, हे प्रकरण काय आहे ते मुळातून सांगावे म्हणून हा लेख.

ज्याच्या खिशात चालू नेटचा फोन आहे आणि ज्याला इंग्रजीची भीती नाही, त्याला ही अडचण अडचण वाटणारच नाही. तो दुसरीकडे शोधील. परंतु ज्याचा डेटा महिन्याच्या वीस तारखेलाच संपतो, ज्याला घरी विचारायला कोणी नाही, त्याच्या बाबतीत यंत्रात आलेली पुस्तिका हाच शिक्षक असतो. म्हणून पुस्तिका कोठे ठेवावी हा प्रश्न मला केवळ तांत्रिक वाटत नाही.

इंग्रजीत 'फ्री' ह्या एकाच शब्दाने मुक्त आणि फुकट हे दोन्ही अर्थ सांगावे लागतात, आणि त्यापायी तिकडे फार शाई खर्च झाली आहे. मराठीत आपल्याला ती अडचण नाही. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे जे कोणत्याही कामासाठी चालविता येते, ज्याची मूळ संहिता वाचून ते कसे चालते याचा अभ्यास करता येतो, ज्यात बदल करता येतो आणि जे मूळ रूपात वा बदललेल्या रूपात दुसऱ्याला देता येते. पैसे घेऊन दिले तरी चालते. अट एवढीच की घेणाऱ्याचे हे अधिकार मारले जाऊ नयेत.

ही मांडणी रिचर्ड स्टॉलमन यांची. १९८० च्या सुमारास ते अमेरिकेतील एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत होते. तेथे झेरॉक्स कंपनीकडून एक लेसर प्रिंटर भेट आला. कागद अडकला की आधीचा प्रिंटर तसे सर्वांना कळवीत असे, कारण त्याचा प्रोग्राम स्टॉलमन यांनी स्वत: बदलला होता. नव्या प्रिंटरची संहिताच मिळेना. कार्नेगी मेलन विद्यापीठात ती एकाजवळ आहे असे कळल्यावर ते तेथे गेले, तर त्या गृहस्थाने ती कोणालाही न देण्याचा करार आधीच करून ठेवला होता. ज्ञान जवळ आहे, देणे शक्य आहे, देण्याने आपले काही कमी होत नाही, तरीही 'देणार नाही' असे सही करून बसायचे! ह्या अनुभवाचा सल त्यांच्या मनात राहिला. १९८३ च्या सप्टेंबरात त्यांनी ग्नू ही मुक्त प्रणाली उभारण्याची घोषणा केली. १९८५ च्या मार्चमध्ये 'डॉ. डॉब्ज जर्नल'मध्ये ग्नूचा जाहीरनामा प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापन झाले. पुढे १९९१ साली फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स हा गाभा लिहिला आणि ग्नूची साधने व तो गाभा मिळून पूर्ण प्रणाली तयार झाली. आमच्या प्रयोगशाळेत आहे ती याच कुळातील.

स्टॉलमन यांनी फार लवकर ओळखलेली एक गोष्ट अशी की, प्रोग्राम मुक्त असून भागत नाही. त्याची पुस्तिकाही मुक्त असली पाहिजे. प्रोग्राम बदलण्याचा अधिकार आहे, पण पुस्तिका एखाद्या प्रकाशकाच्या मालकीची आहे, तर बदललेल्या प्रोग्रामची खरी माहिती लोकांना द्यायची कशी? म्हणून फाउंडेशनने पुस्तिकांसाठी वेगळा परवाना तयार केला, ग्नू फ्री डॉक्युमेंटेशन लायसन्स. त्याची १.१ ही आवृत्ती मार्च २००० ची, १.२ नोव्हेंबर २००२ ची.

या परवान्यात एक कलम आहे आणि सगळी भांडणे त्यातून निघाली आहेत. पुस्तिकेतील काही प्रकरणांना लेखक 'अपरिवर्तनीय' ठरवू शकतो. तांत्रिक मजकुराला हे लागू करता येत नाही. तो कोणीही बदलावा. लेखक वा प्रकाशक यांची भूमिका, त्यांचे मत, त्यांचा जाहीरनामा अशा पूरक प्रकरणांपुरतीच ही सोय आहे. पण एकदा का प्रकरण अपरिवर्तनीय ठरले की पुस्तिकेची सुधारलेली आवृत्ती काढणाऱ्याला ते बदलता येत नाही आणि गाळताही येत नाही. त्याच जोडीला मुखपृष्ठावर पाच शब्दांपर्यंत आणि मलपृष्ठावर पंचवीस शब्दांपर्यंतचा मजकूर सक्तीचा करता येतो.

ही सोय हवी कशाला? स्टॉलमन यांची भीती समजण्याजोगी आहे. उद्या एखादी कंपनी पुस्तिका छापील, विकील, आणि ज्या विचारातून हे सगळे उभे राहिले तेवढी पाने बाजूला काढील. लेखकाची कारागिरी उचलायची आणि त्याचा विचार गाळायचा, ही रीत ह्या नियतकालिकाच्या वाचकांना मी नव्याने सांगायला नको. शिवाय त्यांचे म्हणणे असे की प्रोग्राम हे काम करण्याचे साधन आहे, ते दुरुस्त करता आलेच पाहिजे. परंतु एखाद्याचे मत दुसऱ्याने 'दुरुस्त' करणे म्हणजे त्याच्या तोंडी नसलेले शब्द घालणे होय. हा युक्तिवाद मला आजही निरुत्तर करतो. तरीही तो अपुरा आहे असे मला वाटते. मत बदलू न देणे वेगळे आणि मत गाळू न देणे वेगळे. पहिल्यात लेखकाचे रक्षण आहे. दुसऱ्यात वाचकावर ओझे आहे.

आता डेबियनची बाजू. ही प्रणाली कोणत्याही कंपनीची नाही. जगभरचे स्वयंसेवक ती चालवितात. इयान मरडॉक यांनी ती ऑगस्ट १९९३ मध्ये सुरू केली आणि आरंभी, १९९४-९५ मध्ये, वर्षभर स्टॉलमन यांच्या फाउंडेशननेच तिला आधार दिला होता. म्हणजे भांडण परक्यांचे नव्हे, भाऊबंदकीचे आहे. १९९७ साली डेबियनने आपला 'सामाजिक करार' आणि मुक्ततेचे निकष लिहून काढले. जे निकषांत बसेल ते मुख्य भांडारात, न बसेल ते 'नॉन-फ्री' नावाच्या वेगळ्या कोठडीत. बदल करण्याचा व बदललेले वाटण्याचा अधिकार हा निकषांतला कळीचा निकष.

करारात मूळ शब्द होते की डेबियन शंभर टक्के मुक्त सॉफ्टवेअर राहील. मग पुस्तिका सॉफ्टवेअर आहे काय? यावर वर्षानुवर्षे काथ्याकूट झाला. २००४ साली मतदान घेऊन वाक्यातला 'सॉफ्टवेअर' हा शब्दच काढला. डेबियन शंभर टक्के मुक्त राहील, एवढेच उरले. दुरुस्ती केवळ शाब्दिक म्हणून मांडली गेली होती. पण तिचा सरळ अर्थ असा झाला की पुस्तिकांनाही तोच निकष लागू. त्याप्रमाणे तत्काळ साफसफाई करायची तर येऊ घातलेली आवृत्ती रखडली असती, म्हणून पुन्हा मतदान घेऊन अंमल पुढे ढकलला. ती आवृत्ती जून २००५ मध्ये बाहेर पडली आणि मार्च २००६ मध्ये निर्णायक मतदान झाले. निकाल असा लागला की या परवान्याखालील पुस्तिकेत न बदलता येणारा भाग नसेल तर ती मुक्त, असेल तर मुक्त नव्हे. परवान्यातील इतर कलमांबद्दलही तक्रारी होत्या, पण त्या मुक्ततेला मारक ठरतील इतक्या गंभीर नाहीत असे बहुमताने ठरले. भांडण त्या एका कलमाशी उरले.

आणि मग काय काय कोठडीत गेले पाहा. जीसीसीच्या पुस्तिकेत मुक्त सॉफ्टवेअरला निधी कसा मिळावा याविषयीचे प्रकरण अपरिवर्तनीय आहे, ती गेली. 'मॅन' म्हटल्यावर उघडणारे पानही त्याच पुस्तिकेतून तयार होत असल्यामुळे तेही गेले, आणि आमच्या विद्यार्थिनीला कोरे उत्तर मिळाले ते यामुळे. ईमॅक्स ह्या संपादकाच्या पुस्तिकेत ग्नूचा जाहीरनामा अपरिवर्तनीय आहे. म्हणजे ज्या निवेदनाने ही चळवळ जन्माला घातली तेच 'मुक्त नव्हे' अशी पाटी लावलेल्या खोलीत जाऊन बसले. प्रोग्राममधील चुका शोधण्याचे जीडीबी नावाचे साधन आहे. त्याच्या पुस्तिकेतील अपरिवर्तनीय प्रकरणांपैकी एकाचा विषयच असा की, मुक्त सॉफ्टवेअरला मुक्त पुस्तिकांची गरज आहे! तेच प्रकरण पुस्तिकेला मुक्त होऊ देत नाही.

उलट बाजूही तितकीच मजेदार आहे. फाउंडेशन डेबियनला आपल्या शिफारशीच्या यादीत घेत नाही. कारण काय, तर डेबियन नॉन-फ्री कोठडी बाळगते. त्या कोठडीत इतर मालाबरोबर फाउंडेशनच्याच पुस्तिका आहेत, हे यावर कोणी बोलून दाखविले की दोन्हीकडचे लोक सारखेच रागावतात.

ह्या वादात कोण बरोबर? शब्दश: पाहिले तर डेबियन बरोबर आहे असे माझे मत झाले आहे. बदलता येत नाही आणि काढताही येत नाही अशा वस्तूला मुक्त म्हणायचे तर प्रिंटरवाल्यांशी भांडायचे कशाला? एक शंका वाचक काढतील की परवान्याचा स्वत:चा मजकूर तरी कोठे बदलता येतो? खरे आहे, तो बदलता येत नाही आणि तरीही डेबियन तो सोबत ठेवते. पण परवाना हा अधिकाराचा दस्तऐवज आहे, तो वाटेत बदलला तर अधिकारच उरणार नाही. जाहीरनाम्याचे तसे नाही.

फाउंडेशनचे म्हणाल तर, ह्या पुस्तिकांचा कॉपीराइट त्यांच्याच नावे आहे. पुस्तिकेच्या आरंभीचे एक वाक्य बदलले की वाद संपतो. लवचिकता त्यांना येत नाही असेही नाही. विकिपीडियाचा मजकूर २००१ पासून ह्याच परवान्याखाली होता, २००३ मध्ये सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाचाही. हा परवाना ज्ञानकोशाला जाचक होतो म्हणून नोव्हेंबर २००८ मध्ये १.३ ही आवृत्ती काढून खास वाट करून देण्यात आली आणि २००९ साली विकिपीडिया क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याकडे गेला. मोठ्या संस्थेसाठी वाट निघाली. पुस्तिका मात्र होत्या तेथेच राहिल्या.

पण डेबियनला बरोबर म्हणून मी गप्प बसू शकत नाही, आणि त्याचे कारण २०२२ साली घडले.

यंत्राच्या वायफायच्या वा आवाजाच्या चिपवर चालणारा एक छोटा प्रोग्राम असतो, त्याला फर्मवेअर म्हणतात. तो चिप बनविणाऱ्या कंपनीचा असतो. त्याची संहिता बहुधा मिळत नाही, चिपची माहिती मिळत नाही, मागितली तर गुप्ततेच्या करारावर सही मागतात. ओपनबीएसडी ह्या दुसऱ्या मुक्त प्रणालीचे लोक याबाबत फार कडक. त्यांचे प्रमुख थिओ डी राट यांनी २००५ साली, अडॅप्टेक कंपनी आपल्या डिस्क नियंत्रकांची कागदपत्रे देत नाही म्हणून, त्या नियंत्रकांसाठी तयार असलेला प्रोग्रामच प्रणालीतून काढून टाकला. त्याच लोकांची दुसरी शिस्त अशी की एखाद्या साधनाचे माहितीपान नसणे वा चुकीचे असणे हा त्या साधनाचाच दोष मानायचा. मला ही शिस्त फार आवडते. पण त्यांचे संख्याबळ थोडे आणि आमच्या प्रयोगशाळेचे हार्डवेअर जुने नवे, मिळेल ते. असो.

डेबियनमध्येही असे फर्मवेअर दीर्घकाळ कोठडीतच होते. परिणामी नवे यंत्र घेतलेल्या माणसाला प्रणाली बसविताना वायफायच चालत नसे, आणि वायफायशिवाय फर्मवेअर उतरवून घेता येत नसे. लोक कंटाळून दुसरीकडे जात. तेव्हा २०२२ च्या शरदात डेबियनने मतदान घेतले, सामाजिक करारात दुरुस्ती केली आणि असे फर्मवेअर अधिकृत स्थापना-तबकडीतच समाविष्ट करण्यास मान्यता दिली. जून २०२३ मध्ये आलेल्या बाराव्या आवृत्तीपासून ते आपोआप बसते. त्यासाठी भांडारात स्वतंत्र विभागही उघडला आहे. लोकांची अडचण खरी होती. निर्णय व्यवहाराला धरून होता. त्याच्यामुळे आमच्या बावीसपैकी नऊ यंत्रांचे वायफाय चालते, तेव्हा मी त्याला नावे ठेवणार नाही.

परंतु हिशेब मांडून पाहा. ज्याची संहिता कोणी पाहू शकत नाही, ज्यात अक्षर बदलता येत नाही, असे कंपनीचे फर्मवेअर पुढच्या दाराने आत आले. ज्यातील प्रत्येक तांत्रिक ओळ बदलता येते, वाटता येते, विकता येते, केवळ शेवटची चार मतप्रदर्शक पाने काढता येत नाहीत, ती पुस्तिका मात्र अजून अंगणाबाहेर उभी आहे. यंत्र अडले तेव्हा करार वाकला. शिकणारा अडला तेव्हा वाकला नाही. यात कोणाचा दुष्टपणा आहे असे मी म्हणत नाही. मतदान करणारे सगळे ती पुस्तिका केव्हाच वाचून झालेले लोक आहेत, एवढेच मला दिसते. वायफाय मात्र त्यांनाही लागते.

पुस्तिका मिळतच नाही असे नव्हे. कार्यकर्त्यांनी व शिक्षकांनी हे नीट लक्षात ठेवावे. भांडारांची नावे ज्या फाइलीत असतात तीत 'नॉन-फ्री' हा शब्द जोडून यादी ताजी केली की ह्या पुस्तिकांची पॅकेजे बसविता येतात. एका यंत्रावर उतरवून घेतलेली पॅकेजे पेनड्राइव्हवरून बाकीच्यांवर नेता येतात. मी तसेच केले आणि नेट बंद असतानाही पाने उघडू लागली. पण हा शब्द कोठे जोडायचा हे ज्याला ठाऊक आहे त्याला पुस्तिकेची तितकीशी गरज नसते, आणि ज्याला गरज असते त्याला पुस्तिका बाहेर ठेवली आहे हेच ठाऊक नसते.

यानंतर माझ्या मनात आले की हे इंग्रजीतून तरी किती दिवस? डेबियन बसविण्याची प्रक्रिया मराठीतून करता येते, पण बसविल्यावर पुढे काय ते मराठीत सांगणारे हातात काही नाही. म्हणून जीडीबीच्या पुस्तिकेतील सुरुवातीचा भाग, म्हणजे प्रोग्राम मध्येच कसा थांबवायचा, चालू किमती कशा पाहायच्या, कोठून कोठे आलो ते कसे विचारायचे, एवढा मराठीत आणून वीस-पंचवीस पानांची झेरॉक्स पुस्तिका करावी असे ठरविले. परवाना वाचला तेव्हा कळले की भाषांतर हाही एक बदलच धरला आहे. त्यामुळे अपरिवर्तनीय प्रकरणे माझ्या मराठी पुस्तिकेत घातलीच पाहिजेत, आणि ती मूळ इंग्रजीत. मराठी रूप हवे तर सोबत जोडावे. इंग्रजीच्या जागी ठेवायचे असेल तर मालकाची खास परवानगी घ्यावी. मुखपृष्ठावरचे, मलपृष्ठावरचे शब्द वेगळे, आणि परवान्याची संपूर्ण प्रत वेगळी. झेरॉक्सचे पान आमच्याकडे दीड रुपयाला पडते. विद्यार्थ्याने स्वत:च्या पैशाने जी पाने घ्यायची, त्यातली कित्येक त्याला न वाचता येणाऱ्या भाषेतील स्वातंत्र्याच्या समर्थनाची! मी परवानगी मागण्याचा विचार केला आणि सोडून दिला. भांडण विद्वानांचे असते तेव्हा त्याचा अर्थ लावण्यात महिने जातात, आणि माझे सत्र ऑक्टोबरात संपणार होते.

शेवटी पुस्तिका मिटून ठेवली आणि सगळे स्वत:च्या शब्दांत, आमच्या मुलांच्या चुकांची उदाहरणे घेऊन लिहिले. अठ्ठावीस पाने झाली. आरंभी दोन पानांची प्रस्तावना लिहिली; मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे काय, प्रिंटरची गोष्ट, ज्ञान अडवून ठेवण्याविषयी मला जे वाटते ते. खरे सांगायचे तर त्या दोन पानांवर मी उरलेल्या सव्वीस पानांपेक्षा अधिक मेहनत घेतली होती. पहिल्या पानावर परवाना म्हणून एकच वाक्य घातले की ही पुस्तिका कोणीही छापावी, बदलावी, कापावी, वाढवावी आणि घेणाऱ्यालाही तोच अधिकार द्यावा.

पुढच्या वर्षी मुलांनी ती पुन्हा टंकलिखित केली. दोन उदाहरणे चुकली होती ती दुरुस्त केली, एक नवे प्रकरण घातले. प्रत मला आणून दाखविली. सव्वीस पानांची होती. मी पहिले पान उलटले तर थेट पहिले प्रकरण.

"प्रस्तावना?" मी विचारले.

"काढली, सर. दोन पानांचे तीन रुपये वाचतात प्रत्येकाचे."

मला लागले, हे नाकारण्यात अर्थ नाही. मी परवान्याचे वाक्य पुन्हा एकदा वाचले. ते त्यांनी जसेच्या तसे ठेवले होते. मग मी खाली सही करून त्यांना साठ प्रती काढायला सांगितले.